आमच्याकडे सगळ्यांना डिझाइनच करायचं असतं

आमच्या वर्गात सेमीकंडक्टर म्हटलं की डिझाइन. व्हेरिलॉग ही चिप डिझाइनची संगणकी भाषा शिकायची, एसीत बसून काम करायचं, बंगळुरू गाठायचं. चिप शेवटी कुठेतरी बनते आणि ती कुणीतरी बनवतं, हे कुणी नाकारत नव्हतं. पण ते काम तैवानमधल्या कुणाचं तरी, असं सगळ्यांनी धरून ठेवलेलं. बडोद्यात इलेक्ट्रॉनिक्सला प्रवेश घेतला तेव्हा मीही त्यातलीच होते.

मग बातम्या यायला लागल्या. जून २०२३ मध्ये मायक्रॉन या अमेरिकन चिप कंपनीचा साणंदचा कारखाना जाहीर झाला. २९ फेब्रुवारी २०२४ ला केंद्राने एका दिवसात तीन प्रकल्पांना मंजुरी दिली, त्यातले दोन गुजरातचे: धोलेऱ्याला टाटा आणि तैवानच्या पीएसएमसी या चिप कंपनीचा ९१,००० कोटींचा, महिन्याला ५०,००० वेफर (ज्यांवर चिप बनतात त्या सिलिकॉनच्या चकत्या) काढायचं उद्दिष्ट असलेला फॅब, म्हणजे चिप बनवायचा कारखाना, आणि साणंदला सीजी पॉवरचा ७,६०० कोटींचा, तयार चिपच्या पॅकेजिंगचा कारखाना. आमच्या दांडिया बाजारातल्या घरी याचा पहिला परिणाम असा झाला की मामा येताजाता साणंदच्या जमिनीचे भाव सांगायला लागला. दुसरा परिणाम कॉलेजात. एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने २०२३ मध्ये व्हीएलएसआयच्या (चिप डिझाइनच्या) बी.टेक.चा आणि आयसी मॅन्युफॅक्चरिंगच्या (चिप उत्पादनाच्या) डिप्लोमाचा नमुना अभ्यासक्रम काढला होताच. आमच्याकडेही डिझाइनच्या जोडीला फॅब्रिकेशनचे, म्हणजे चिप प्रत्यक्ष बनवण्याचे, विषय निवडायची सोय झाली. डिझाइनला झुंबड उडाली. फॅब्रिकेशनला आम्ही थोडेच जण, त्यातले निम्मे डिझाइन मिळालं नाही म्हणून आलेले. मी मात्र मुद्दाम घेतलं. कारण फारसं उदात्त नव्हतं: साणंद बडोद्याहून एक्स्प्रेसवेने गाठता येतं, आणि मला बंगळुरूला जायचं नव्हतं.

पहिलं सत्र फळ्यावरच गेलं. सिलिकॉनवर ऑक्साइड कसा वाढतो याचं डील आणि ग्रोव्ह यांचं १९६५ चं समीकरण आम्ही इतक्या वेळा सोडवलं की झोपेतही सांगता आलं असतं. पण तो ज्या भट्टीत वाढतो ती कुणी पाहिलेली नाही. कॉलेजात एक स्पिन कोटर (वेफर फिरवून त्यावर पातळ थर चढवणारं यंत्र) होता, काचेच्या कपाटात, कुलूपबंद. किल्ली ज्या सरांकडे होती ते निवृत्त झालेले. नवीन किल्ली करून घ्यायला अर्ज लागतो, आणि तो अर्ज कुणाच्या नावे करायचा यावर एकमत होईना. तोवर आम्ही संगणकावर प्रक्रिया चालवून बघत होतो. सिम्युलेशन वाईट नाही, तापमान वाढवलं की थर कसा जाडावतो हे दिसतं. पण त्यात वेफर हातातून पडत नाही, ॲसिड उडत नाही, आणि कुणाच्या घामाने काही बिघडत नाही. या धंद्यातला अर्धा अभ्यास नेमका तोच आहे, हे नंतर कळलं.

देशातल्या काही मोठ्या संस्थांच्या क्लीनरूममध्ये, म्हणजे धूळ येऊ न देणाऱ्या प्रयोगशाळांत, बाहेरच्यांना प्रशिक्षण मिळतं. त्यासाठी सरकारची एक योजनाही २००८ पासून आहे, तिची सुरुवात आयआयटी मुंबई आणि बंगळुरूच्या आयआयएससीपासून झाली. आमच्या एका मॅडमनी खटपट करून आम्हा काहीजणांना अशाच एका ठिकाणी सुट्टीत पाठवलं. काम ठरलेलं: कोऱ्या वेफरपासून सुरू करून एक मॉस कपॅसिटर (सिलिकॉन, त्यावर ऑक्साइड, त्यावर धातू, असा विद्युतभार साठवणारा भाग) बनवायचा, मोजायचा, आणि का चुकला ते सांगायचं. चुकणार हे गृहीतच.

वेफर हातात येईल या आशेने गेलो, तर सुरुवात सुरक्षेच्या परीक्षेने. पास झाल्याशिवाय आत प्रवेश नाही. त्यातला निम्मा वेळ एकट्या हायड्रोफ्लोरिक ॲसिडवर, म्हणजे एचएफवर गेला. पातळ एचएफ कातडीला लागला तर लगेच दुखत नाही; दुखायला लागेपर्यंत काही तास जातात, आणि तोवर तो आत शिरून शरीरातलं कॅल्शियम धरायला लागलेला असतो. म्हणून वेट बेंचच्या, म्हणजे ॲसिडचं काम करायच्या ओट्याच्या, शेजारी कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल असलंच पाहिजे, आणि त्या ट्यूबवरची तारीख आधी वाचायची. सिलेन वायू हवेला लागताच पेटतो. पिरान्हा हे वेफर धुवायचं जहाल मिश्रण बनवताना पेरॉक्साइड सल्फ्युरिक ॲसिडमध्ये हळूहळू घालायचं, उलटं नाही.

हे मी रात्री फोनवर बाबांना सांगत होते. बाबा बडोद्याजवळच्या नंदेसरीच्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर म्हणून लागले आणि शिफ्ट इनचार्ज म्हणून निवृत्त झाले. मला वाटलं घाबरतील. ते म्हणाले, "एचएफ आमच्याकडेही होता. जेल कुणाच्या ताब्यात असतं? रात्रीच्या पाळीत कपाटाला कुलूप नसतं ना?" दुसऱ्या दिवशी मी हाच प्रश्न तिथल्या टेक्निशियन दादांना विचारला, तर ते पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघून बोलले. तिथून पुढे रोज रात्री बाबांशी अर्धा तास बोलणं व्हायचंच. आत्तापर्यंत माझ्या अभ्यासातलं त्यांना काही कळत नाही असं आम्ही दोघंही मानत आलो होतो.

आता गाऊनिंग, म्हणजे आत जायचा पोशाख चढवणं. क्लीनरूमला जायच्या आधी पावडर नाही, काजळ नाही, तेल लावलेले केस नाहीत, नेलपॉलिश नाही, टिकली नाही. आजीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, म्हणजे सोवळंच की. मला हसू आलं, पण फरक आहे. सोवळ्यात बाहेरच्याचा विटाळ नको असतो. इथे विटाळ आपणच. माणूस नुसता उभा राहिला तरी मिनिटाला लाखाच्या घरात सूक्ष्म कण अंगावरून सुटतात, आणि लिथोग्राफीच्या, म्हणजे प्रकाशाने वेफरवर नक्षी उतरवायच्या, खोलीत एका घनफुटात अर्ध्या मायक्रॉनचे (मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाचे) किंवा त्याहून मोठे जास्तीत जास्त १०० कण चालतात. म्हणून आधी बुटांवर आवरण, मग केसांची टोपी, मास्क, हूड, मग अंगभर सूट, जो घालताना जमिनीला लागता कामा नये, मग गुडघ्यापर्यंतचे बूट, आणि शेवटी हातमोजे, तेही सुटाच्या बाहीवरून. सूट जमिनीला न लावता एका पायावर उभं राहून घालणं ही कसरत आहे. वर हे सगळं सावकाश करायचं, कारण घाईत जास्त कण उडतात. आत गेल्यावरही भराभर चालायचं नाही, वेफरवर वाकून बोलायचं नाही. साधी वही आणि पेन्सिल बाहेर; आत खास कागद आणि बॉलपेन.

वेफर धुण्याची पद्धत आरसीए कंपनीतल्या वर्नर कर्न यांनी १९६५ मध्ये बसवली आणि १९७० मध्ये प्रसिद्ध केली. आजही सगळे तिच्यापासूनच सुरुवात करतात. पहिल्या भांड्यात अमोनियम हायड्रॉक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि पाणी, एकास एक पाच, ७५-८० अंशांवर, दहा मिनिटं. याने चिकटलेले कण आणि सेंद्रिय मळ जातो. मग पातळ एचएफमध्ये थोडाच वेळ बुडवणं. मग दुसऱ्या भांड्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड, पेरॉक्साइड आणि पाणी, एकास एक सहा. याने धातूंचे अंश जातात. प्रत्येक पायरीनंतर डीआय पाण्याने धुवायचं, ज्याची रोधकता १८.२ मेगाओम-सेंटिमीटर असते, म्हणजे क्षार जवळजवळ नाहीतच. वेफर एचएफमधून बाहेर आला की एक मजा दिसते. ऑक्साइड असेपर्यंत पाणी पृष्ठभागावर पसरून राहतं. ऑक्साइड गेला की उघडं सिलिकॉन पाण्याला जवळ करत नाही, आणि सगळं पाणी घरंगळून वेफर कोरडा ठणठणीत वर येतो. दादा घड्याळापेक्षा याकडे बघायचे. "पाणी सुटलं का बघा," एवढंच म्हणायचे.

याच दिवसांत एका मुलाच्या चिमट्यातून वेफर निसटला. तो रडकुंडीला आला, पण सरांनी तुकडे गोळा करून टेबलावर मांडले. सगळे कसे काटकोनात तुटलेले! एक-शून्य-शून्य दिशेने कापलेला सिलिकॉनचा वेफर असाच फुटतो, स्फटिकाच्या रेषा धरून. वर्षभर मिलर इंडायसेस, म्हणजे स्फटिकातल्या दिशांचे हे आकडे, पाठ केल्या होत्या, त्या त्या पाच मिनिटांत समजल्या.

मग भट्टी. क्वार्ट्झच्या बोटीत वेफर उभे लावायचे आणि बोट लांब दांड्याने नळीत सावकाश सरकवायची. एकदम ढकलली तर गरम-थंड फरकाने वेफर वाकतो. कोरड्या ऑक्सिजनमध्ये ११०० अंशांवर तासाभरात साधारण १०० नॅनोमीटर ऑक्साइड वाढतो. वेफर आत गेला राखाडी आरशासारखा आणि बाहेर आला गडद जांभळा. रंग दिलेला नाही, थराच्या जाडीमुळे प्रकाशाचा झालेला खेळ. भिंतीवर रंगांचा तक्ता होता: ५० नॅनोमीटरला तपकिरी, १०० ला जांभळा, १५० ला फिकट निळा, २०० ला सोनेरी. आमच्या वेफरची एक कड निळसर दिसत होती. दादांनी नुसतं बघून सांगितलं, या बाजूला वायूचा प्रवाह वेगळा पडतोय. मग यंत्रावर मोजलं. तिथे थर खरंच जाड निघाला.

लिथोग्राफीची खोली पिवळी, कारण रेझिस्ट, म्हणजे वेफरवर चढवायचं प्रकाशसंवेदी रसायन, निळ्या आणि अतिनील प्रकाशाला प्रतिसाद देतो, पिवळ्याला नाही. वेफरवर रेझिस्टचे थेंब टाकायचे, मिनिटाला ४,००० फेऱ्यांनी फिरवायचा, शेकायचा, नक्षी असलेल्या काचेच्या मास्कखाली ३६५ नॅनोमीटरच्या प्रकाशात धरायचा, मग डेव्हलपरमध्ये, म्हणजे नको तिथला रेझिस्ट विरघळवणाऱ्या द्रावात, बुडवायचा. फिरवल्यावर एखादा धूमकेतू दिसला, म्हणजे मध्ये ठिपका आणि त्याला बाहेरच्या दिशेने शेपूट, तर तिथे धुळीचा कण होता असं समजायचं आणि रेझिस्ट काढून पुन्हा पहिल्यापासून. आमच्या गटाने हे इतक्यांदा केलं की पिवळ्या खोलीतून बाहेर आल्यावर कॉरिडॉर निळा दिसायचा. ऑक्साइडवर धातू म्हणून चढवायच्या ॲल्युमिनियमच्या थराबद्दल सांगण्यासारखं फार नाही. निर्वात पंप चालू करायचा आणि वाट बघायची. या क्षेत्रात वाट बघणं पुष्कळ आहे.

शेवटी मोजणी. एक मिलिमीटर व्यासाचा ॲल्युमिनियमचा ठिपका आणि १०० नॅनोमीटर ऑक्साइड असेल तर कपॅसिटन्स, म्हणजे विद्युतभार साठवायची क्षमता, २७० पिकोफॅरडच्या आसपास यायला हवा, हे आम्ही कागदावर काढून ठेवलं होतं. प्रोबची सुई ठिपक्यावर टेकवली, मीटरवर २६० च्या पुढचा आकडा आला, आणि आम्ही सगळे मास्कच्या आतून ओरडलो. पण व्होल्टेज बदलत नेल्यावर जी वक्ररेषा आली ती जिथे असायला हवी तिथून बाजूला सरकलेली. वेफर गरम करून, व्होल्टेज देऊन पुन्हा मोजलं. ती आणखी सरकली. याचं कारण साठच्या दशकापासून ठाऊक आहे: सोडियम. तेव्हा मॉस ट्रान्झिस्टर बनायचे खरे, पण त्यांचे गुणधर्म चालता चालता बदलायचे. फेअरचाइल्ड या अमेरिकन चिप कंपनीत स्नो, ग्रोव्ह, डील आणि सा यांनी १९६५ मध्ये दाखवून दिलं की ऑक्साइडमध्ये सोडियमचे आयन हिंडतात. सोडियम येतो कुठून? रसायनांतून, भांड्यांतून, आणि माणसाच्या घामातून. आमच्या वेफरमध्ये नेमका कुठून आला, हे शोधायला लॉगबुक काढलं. धुतल्यावर भट्टीत जाईपर्यंत वेफर किती वेळ बाहेर होता, ही नोंद आमच्या आधीच्या गटाने केलीच नव्हती. तपास तिथेच खुंटला.

बाबांना हे सांगितलं तेव्हा ते जरा चिडलेच. "रीडिंग नाही लिहिलं म्हणजे काम झालंच नाही. आमच्याकडे हँडओव्हरला सही झाल्याशिवाय माणूस गेटबाहेर जात नसे." मग त्यांनी विचारलं, तुमच्याकडे व्हेंट गॅस कुठे जातो? तो धुणारा स्क्रबर आहे का? नायट्रोजनची लाइन कुठून येते? परमिट कोण देतं? मी एकेक सांगत गेले आणि मला पहिल्यांदा स्वच्छ दिसलं की फॅब म्हणजे मुळात केमिकल प्लांट आहे. ट्रान्झिस्टर हे त्याचं उत्पादन, पण रोजचं काम व्हॉल्व्ह, पंप, वायू, ॲसिड, तापमान आणि नोंदी यांचं. आम्हा इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना वाटतं हे आपलं घर. प्रत्यक्षात तिथे केमिकलचा आणि मेकॅनिकलचा मुलगा जास्त लवकर रुळतो, आणि आमच्या कॉलेजात त्या दोन शाखांना या विषयांची कुणी साधी माहितीसुद्धा दिलेली नाही.

हे बडोद्यात व्हावं याचं मला फार वाईट वाटतं. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था काढली तेव्हा तिची धुरा रसायनशास्त्राचे त्रिभुवनदास गज्जर यांच्याकडे दिली. त्याच गज्जरांनी कोटीभास्कर आणि अमीन यांच्याबरोबर १९०७ मध्ये अलेम्बिक ही औषधांची कंपनी उभी केली. पुढे रिफायनरी आली, खताचा कारखाना आला, पेट्रोकेमिकलचं आयपीसीएल आलं. या गावात रात्रपाळी करून आलेला, ॲसिडच्या लाइनवर काम केलेला माणूस गल्लोगल्ली सापडतो. धोलेरा आणि साणंदला जी शिस्त शिकवून तयार करावी लागणार आहे, ती इथे काहींच्या घरात दोन पिढ्यांपासून आहे. पण आम्ही सेमिनारला पाहुणे बोलावतो ते डिझाइनचे.

परत आल्यावर मी सांख्यिकी मनापासून वाचली. एरवी हा विषय आम्ही परीक्षेच्या आदल्या रात्री उरकायचो. समजा चिप बनायला ५०० पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरी ९९ टक्के बरोबर होते. ऐकायला छान. पण शेवटी १०० पैकी एक चिपही धड निघत नाही. ९९.९ टक्के केलं तर ६० निघतात. हा हिशेब एकदा स्वतः केला की बुटावरचं आवरण नीट घातलं का, यावर कुणी ओरडलं तरी राग येत नाही.

नोकरीची मुलाखत साणंदच्या एका पॅकेजिंग कारखान्यासाठी झाली. तिथे वेफर बनत नाहीत. तयार वेफर मागून घासून पातळ करायचे, कापायचे, एकेक तुकडा फ्रेमवर चिकटवायचा, केसाहून बारीक सोन्याच्या किंवा तांब्याच्या तारेने जोडायचा, रेझिनमध्ये बंद करायचा आणि तपासायचा. मला ट्रान्झिस्टरचं एकही समीकरण विचारलं नाही. विचारलं ते असं: तारेची पुल टेस्ट, म्हणजे ओढून बघायची चाचणी, नापास व्हायला लागली तर आधी काय बघाल? मी म्हटलं, तार तुटली कुठे ते. मानेपाशी तुटली तर एक गोष्ट, चिपवरच्या पॅडवरून तारेच्या टोकाचा गोळाच उचकटला तर दुसरी, तेव्हा पॅड मळलेलं आहे का आणि तार जोडणाऱ्या अल्ट्रासॉनिकची शक्ती कमी पडतेय का ते बघावं लागेल. मग एक कंट्रोल चार्ट, म्हणजे मोजमापांचा आलेख, पुढे ठेवला. सगळे ठिपके मर्यादेच्या आत. पण मधल्या रेषेच्या एकाच बाजूला सलग आठ. "मशीन चालू ठेवाल की थांबवाल?" मी म्हटलं, माल मर्यादेत आहे, पण काहीतरी बदललंय; शिफ्ट इनचार्जला सांगीन, मागची नोंद काढीन, आणि तोवरचा लॉट वेगळा ठेवीन. समोरचे गृहस्थ हसले आणि म्हणाले, घरी कुणी प्लांटमध्ये आहे का?

शेवटचा प्रश्न रात्रपाळीचा. मी हो म्हटलं. घरी आल्यावर यावरून गदारोळ झाला. आईचं म्हणणं, इंजिनिअर होऊन रात्रपाळी कशाला. बाबा काही बोलले नाहीत, फक्त कंपनीची बस कुठून सुटते आणि राहायची सोय गेटच्या आत आहे की बाहेर, एवढं विचारून घ्यायला सांगितलं. पगार डिझाइनला गेलेल्या मैत्रिणींपेक्षा कमी आहे, तोही बऱ्यापैकी कमी, हे लपवण्यात अर्थ नाही. जे काम मी करणार आहे त्यातलं पुष्कळसं चांगला डिप्लोमावाला करू शकतो, हेही खरं. पहिली दोन-तीन वर्षं मशीनजवळ उभं राहायची तयारी नसेल तर या वाटेला येऊ नये.

आता ज्युनियर मुलं विचारतात, सुट्टीत कुठला ऑनलाइन कोर्स करू. मी सांगते, कोर्स कर हवा तर, पण त्याआधी नंदेसरीत किंवा मकरपुऱ्यात एखाद्या प्लांटमध्ये महिनाभर उभा राहा, लॉगबुक कसं भरतात ते बघ. दोघं तयार झाली, एक मेकॅनिकलची मुलगी आणि एक इलेक्ट्रॉनिक्सचा मुलगा. बाबांनी ओळखीच्या एका शिफ्ट इनचार्जशी बोलून ठेवलंय. सेफ्टी शूज मात्र आपापले आणायचे, असं त्यांनी दोघांनाही आधीच बजावलंय.